नऊ वाजून सतरा मिनिटं

फोन आला तेव्हा मी बहिणीच्या उशाशी बसले होते. आदल्या दिवशी तिचं ऑपरेशन झालं होतं, ती गुंगीत होती. फोनवर माझ्या मांजरीला, उदीला, सांभाळणाऱ्या मुलीचं नाव दिसलं. ती रोज दुपारी उदीचा एक फोटो पाठवायची. त्या दिवशी संध्याकाळ झाली तरी आला नव्हता, त्यासाठीच फोन असेल असं वाटलं.

"ताई," ती म्हणाली आणि थांबली. त्या थांबण्यातच माझ्या पोटात धस्स झालं. "ताई, उदी दिसत नाहीये."

कधीपासून? "सकाळपासून." कुठून गेली? "स्वयंपाकघराची खिडकी... बहुतेक नीट लागली नसेल."

मी खोलीबाहेर आले आणि भर कॉरिडॉरमध्ये ओरडले, "तुला एकच काम दिलं होतं!" हे वाक्य मी दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणेपर्यंत ती रडायला लागली होती आणि मला तिच्या रडण्याचं काहीही वाटलं नाही. बहिणीजवळ भाऊ थांबला, मी तशीच निघाले. घरी पोचले तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. ती जिन्यात उभी होती. मी तिच्या हातातून किल्ली घेतली, आत गेले आणि दार लावून घेतलं.

उदी सहा वर्षांची. राखाडी अंगावर तपकिरी झाक, म्हणून उदी. दीड महिन्यांची असताना घरात आली ती पुन्हा कधी उंबऱ्याबाहेर गेली नाही. दाराची बेल वाजली की वॉशिंग मशीनच्या मागे जाऊन बसायची आणि पाहुणा गेल्यावरही अर्धा तास बाहेर यायची नाही. तिची एक लकब होती. ती सहसा म्याँव करत नसे. माझ्याकडे बघून नुसतं तोंड उघडायची, आवाज यायचाच नाही. मला त्याचं फार कौतुक वाटायचं. हरवल्यावर त्याच लकबीची मला सगळ्यात जास्त भीती वाटली, कारण मी अंधारात तिला हाका मारत होते आणि मला माहीत होतं की ती दोन हातांवर असली तरी तिचा आवाज मला येणार नाही.

मांजर हरवल्यावर पहिल्या रात्री माणूस चुकीच्याच गोष्टी करतो. मी रस्त्याच्या टोकापर्यंत तिचं नाव घेत धावत गेले. घाबरलेलं घरमांजर असं रस्त्याने चालत जात नाही, हे मला नंतर कळलं. ते पहिली आडोशाची जागा गाठतं आणि तिथे गप्प बसून राहतं. भुकेलं असलं तरी बसून राहतं. मालकाची हाक ओळखीची असली तरी बसून राहतं. शिकारी जवळ असताना आवाज करू नये, हे त्याच्या रक्तात असतं, आणि त्या क्षणी सगळं जगच त्याला शिकारी वाटत असतं. पहाटे कधीतरी मी घरी आले, खाली बसून हरवलेल्या मांजरांबद्दल मिळेल ते वाचत सुटले. २०१८ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सापडला. हरवलेल्या १,२१० मांजरांच्या मालकांनी भरून दिलेल्या माहितीवर तो आधारलेला आहे. जी मांजरं सापडली त्यांतली सुमारे ७५ टक्के ती निसटली त्या जागेपासून ५०० मीटरच्या आतच सापडली होती. एक तृतीयांश मांजरं पहिल्या सात दिवसांत परत मिळाली होती. आणि नुसती वाट पाहत बसण्यापेक्षा प्रत्यक्ष पायी फिरून शोधणाऱ्यांच्या हाती अधिक वेळा काही लागलं होतं.

निसटली त्या जागेपासून. हे शब्द मी तेव्हाही वाचले होते. पण माझ्यापुरती ती जागा ठरलेलीच होती, स्वयंपाकघराची खिडकी. आमचं घर पहिल्या मजल्यावर. खिडकीखाली छज्जा, छज्ज्याखाली गॅरेजचं पत्र्याचं छप्पर, त्यापलीकडे इमारतीची मागची बाजू: झुडपं, पाण्याचे पाइप, मीटरची खोली, जुन्या फरशांचा ढीग. मी तो सगळा भाग इंच इंच पालथा घातला. टॉर्च डोळ्यांच्या रेषेत धरायचा, म्हणजे मांजराच्या डोळ्यांमागचा परावर्तक थर उजेड परत फेकतो आणि झुडपात दोन हिरवट ठिपके चमकतात, हे शिकले. रात्री दोन ते चार ही शोधायची खरी वेळ, तेव्हा रहदारी थांबते आणि लपलेलं मांजर हलायचा धीर करतं, हे शिकले. फरशांच्या ढिगाआड पोटावर झोपून टॉर्च मारला तेव्हा खरंच दोन डोळे चमकले आणि माझ्या तोंडून हुंदका फुटला. ते दुसरंच मांजर होतं, काळंपांढरं. ते माझ्याकडे बघत राहिलं आणि मी तिथेच जमिनीवर गाल टेकून बराच वेळ पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी पत्रकं छापली. एक मोठा फोटो, दोन शब्द, फोन नंबर. कुणीतरी सुचवलं म्हणून तिची एक खूण मुद्दाम पत्रकात लिहिली नाही: डाव्या मागच्या पायाच्या तळव्यावरची एक गादी गुलाबी आहे, बाकी सगळ्या काळ्या. याचा उपयोग त्याच संध्याकाळी झाला. एक माणूस फोनवर म्हणाला, मांजर माझ्याकडे आहे, आधी पैसे पाठवा. मी गुलाबी गादी कुठल्या पायाला आहे एवढंच विचारलं आणि त्याने फोन ठेवला. माझे पाय लटपटत होते. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांना मी हे आवर्जून सांगते की एक खूण कुणालाही सांगू नका. त्या अवस्थेत आपण कुणाच्याही शब्दावर विश्वास ठेवायला तयार असतो. मी ठेवला असता.

त्या मुलीशी मी या काळात बोलले नाही. तिचे मेसेज येत होते. मी वाचत होते आणि उत्तर देत नव्हते. ओळखीची जी जी माणसं भेटली त्यांना मी सांगत होते की सांभाळायला ठेवली होती तिने खिडकी उघडी टाकली. प्रत्येक वेळी सांगताना छातीवरचं ओझं जरा हलकं व्हायचं. आता लिहिताना त्याची लाज वाटते, पण तेव्हा राग हाच एक आधार होता. राग आला की हातपाय चालायचे. तो ओसरला की मी वॉशिंग मशीनच्या मागच्या रिकाम्या जागेकडे बघत बसायचे.

मग चिपची आठवण झाली. उदीच्या मानेजवळ कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप आहे. तिच्यात बॅटरी नसते, ती कुठे आहे हे ती सांगत नाही. कुणी वाचक यंत्र अंगावरून फिरवलं तरच एक पंधरा आकडी क्रमांक दिसतो, आणि तो क्रमांक ज्या नोंदणीत असेल तिथे मालकाचा फोन नंबर मिळतो. मी नोंद उघडली. नाव माझं होतं. नंबर माझा नव्हता, म्हणजे माझाच, पण दोन वर्षांपूर्वी बंद केलेला. फोन बदलला तेव्हा सगळीकडे नवा नंबर दिला होता, इथे द्यायचा राहिला. उदी कुणाला सापडली असती, त्याने तिला दवाखान्यात नेलं असतं, तिथे यंत्र फिरवलं असतं, तर तो फोन कुठेच लागला नसता. दोन वर्षं हे दार मी उघडं टाकलं होतं.

अमेरिकेतल्या ५३ प्राणी-निवाऱ्यांची पाहणी करून २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. चिप असलेल्या मांजरांपैकी ३८.५ टक्के घरी परतली होती. निवाऱ्यांत आलेल्या एकूण भटक्या मांजरांत हेच प्रमाण १.८ टक्के होतं. चिप असूनही ज्यांच्या मालकांचा पत्ता लागला नाही, त्यांत सगळ्यात मोठं कारण होतं चुकीचा किंवा बंद पडलेला फोन नंबर. हे वाचलं तेव्हा मी एकटीच होते, तरी ओशाळून मान खाली गेली.

त्याच रात्री, दोनच्या सुमाराला, मी टॉर्च घेऊन खाली जायला निघाले आणि गॅलरीतून खाली एक उजेड हलताना दिसला. पार्किंगमधल्या एका गाडीखालून दुसऱ्या गाडीखाली तो सरकत होता. मी खाली गेले. ती होती. कोपर खरचटलेलं, केसांत जळमटं. मला बघून ती गाडीखालून बाहेर आली आणि अशी उभी राहिली, जणू मी आता हात उचलणार आहे. तिच्या त्या उभं राहण्याने मी हलले. वीस-बावीस वर्षांची मुलगी, तीन रात्री कुणाच्या तरी मांजरासाठी जमिनीवर सरपटतेय, आणि तिला माझी भीती वाटतेय.

मी जिन्याच्या पायरीवर बसले. तिला बस म्हटलं. तिला काही विचारायचं असं मनात नव्हतं. मी तिला चिपबद्दल सांगितलं. दोन वर्षांपूर्वीचा नंबर, तो मी बदलला नाही, माझ्याकडून राहिलं, असं सगळं. ते सांगताना मला पहिल्यांदाच रडू आलं, रागाशिवायचं.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ताई, ती खिडकीतून गेली नाही."

खरं असं होतं. मंगळवारी रात्री ती कचऱ्याची पिशवी खाली ठेवायला गेली. दोन मिनिटांचं काम, म्हणून दार नुसतं लोटलं. खाली तिला तिच्या आईचा फोन आला, ती बोलत थांबली. वर आली तेव्हा दार वीतभर उघडं होतं. उदी नेहमीसारखी कुठेतरी लपली असेल असं तिला वाटलं. अकरा वाजता खाण्याच्या वाटीपाशी ती आली नाही तेव्हा शोधायला सुरुवात केली. आधी घरात, मग जिन्यात, मग बाहेर, उजाडेपर्यंत. बुधवारचा सगळा दिवस ती एकटी शोधत राहिली, कारण तिला वाटत होतं की फोन करायच्या आत उदी सापडेल आणि मग फोन करावाच लागणार नाही. संध्याकाळी केला तेव्हा "काल रात्री, पुढचं दार" हे शब्द तिच्या ओठांवर होते. पण मी आधीच ओरडायला लागले होते. खिडकीची चूक दाराच्या चुकीपेक्षा तिला लहान वाटली. एकदा खिडकी म्हटल्यावर मग बदलता येईना.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या दाराशी कॅमेरा आहे. सकाळी त्यांनी चित्रण उघडून दाखवलं. मंगळवार, रात्री नऊ वाजून सतरा मिनिटं. जिन्याच्या कठड्याला अंग घासत एक राखाडी शेपूट वर जाताना दिसते. उदीच. पोट जमिनीला टेकवून, कान मागे पाडून. ती वर गेली. त्यानंतरच्या चित्रणात ती कुठेही खाली आलेली नाही.

आम्ही तिघंही गच्चीवर धावलो. गच्चीचं दार नीट लागत नाही, हे सगळ्यांनाच माहीत होतं. पाण्याच्या टाकीमागे, भिंत आणि टाकी यांच्यामधल्या फटीत, एका जुन्या गोणपाटावर राखाडी केस होते. गोणपाट मध्यभागी दबलेलं, गोल, एका मांजराच्या मापाचं. ती इथे बसली होती. किती वेळ ते कळायला मार्ग नव्हता. मागच्या झुडपांत मी पोटावर सरपटत होते तेव्हा ती माझ्या डोक्यावर तीन मजले उंच बसून माझी हाक ऐकत असेल, हे मात्र मला त्या क्षणी इतकं स्पष्ट दिसलं की मी कठडा घट्ट धरला.

गच्चीला लागून शेजारच्या इमारतीची गच्ची आहे, मध्ये कमरेएवढी भिंत. तिथून जिना, तिथून गल्ली. पुढे काही नाही. आम्ही पिंजरा लावला, तिची चादर ठेवली, हालचाल टिपणारा कॅमेरा बसवला, दारापाशी पीठ पसरून पावलांचे ठसे बघितले. एकवीस दिवस. एक बोका येऊन जात राहिला. उदी आली नाही.

आज आठ महिने झाले.

हरवलेल्या मांजरांच्या २०१८ च्या त्या अभ्यासात आणखी दोन आकडे आहेत जे मला पाठ झालेत. वर्षभरात ६१ टक्के मांजरं सापडली. आणि नव्वद दिवसांनंतर जिवंत सापडलेली मांजरं फार थोडी. पहिल्या तीन महिन्यांत मी पहिल्या आकड्यावर जगले. एक्क्याण्णवाव्या दिवशी सकाळी उठले तेव्हा दुसरा आकडा खोलीत येऊन बसलेला होता. तरी मी त्या दिवशीही गच्चीवर गेले.

लोक विचारतात, गेली का? या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही. गेली म्हणजे कुठे? पॉलिन बॉस नावाच्या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात अशा दुःखाला एक नाव दिलं, ज्याला मराठीत अनिश्चित वियोग म्हणता येईल. व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांसोबत त्यांनी काम केलं होतं. माणूस नाही, पण मेल्याचा पुरावाही नाही. मन एकदा सुतक धरतं, एकदा दिवा लावून ठेवतं, आणि दोन्ही करताना अपराधी वाटतं. माणसं बेपत्ता झालेल्या घरांशी मी माझी तुलना करत नाही, तो उद्धटपणा होईल. पण ते वाचल्यावर मला एवढं समजलं की माझं काही बिघडलेलं नाही, ही अवस्थाच अशी आहे. दवाखान्यात मांडीवर प्राण सोडणाऱ्या मांजरासाठी रडता येतं. उदीसाठी रडायला बसलं की मध्येच वाटतं, ती आत्ता कुठल्या तरी जिन्याखाली बसली असेल आणि आपण खुशाल रडतोय, ऊठ.

त्याहून अवघड जातं ते लोकांचं समजावणं. "मांजरच होतं ना." "दुसरं आण." "कुणीतरी प्रेमाने सांभाळत असेल." शेवटचं वाक्य चांगल्या मनाने म्हटलेलं असतं, म्हणून ते ऐकून घ्यावं लागतं. केनेथ डोका या अभ्यासकाने १९८९ साली अशा दुःखाबद्दल लिहिलं होतं ज्याला समाज दुःख म्हणून मान्यताच देत नाही, आणि पाळीव प्राण्याचं जाणं हे त्यातलंच. मला कुणी सांत्वन करावं असं वाटत नव्हतं. कुणीतरी येऊन नुसतं विचारावं, ती बसायची कशी, आवाज कसा करायची, असं फार वाटायचं. एकाच व्यक्तीला ते विचारायची गरज नव्हती, कारण तिला माहीत होतं. मी "नुसतं तोंड उघडायची" म्हटलं की ती पुढे म्हणायची, "आणि मग रागावून पाठ करून बसायची."

हो, त्या मुलीबद्दलच बोलतेय.

मी तिला माफ केलं का, हेही लोक विचारतात. तिच्या खोट्यामुळे आम्ही दोन रात्री चुकीच्या बाजूला शोधलं, हे खरं आहे आणि ते कधी पुसलं जाणार नाही. दार लोटून खाली जाणं ही कुणाकडूनही होणारी चूक होती. बावीस तास मला न कळवणं ही मोठी चूक होती. ती तिचीच. पण फोनवरचं माझं ओरडणंही मी मोजते. ज्या एका व्यक्तीला उदी कधी आणि कुठून गेली हे माहीत होतं, तिचंच तोंड मी पहिल्या मिनिटात बंद केलं. सांभाळणाऱ्याच्या हातून प्राणी हरवतो तेव्हा तो सांभाळणारा एकाच वेळी गुन्हेगार असतो आणि एकमेव साक्षीदारही. मला त्यातला गुन्हेगार तेवढा दिसला. मी शांतपणे विचारलं असतं, की तू काही लपवू नकोस, मला फक्त वेळ आणि जागा सांग, बाकीचं आपण नंतर बघू, तर बुधवारी रात्री एक वाजता मी झुडपांकडे न जाता गच्चीवर गेले असते. उदी तेव्हा तिथे होती की नाही, मला माहीत नाही. हे वाक्य मी रोज रात्री मनात म्हणते आणि रोज तिथेच अडते.

म्हणून आता कुणी मला सांगितलं की मी बाहेरगावी जातेय, मांजर सांभाळायला कुणीतरी येणार आहे, तर मी खाण्याच्या वेळांआधी दुसरंच सांगते. त्या माणसाला जायच्या आधी, समोरासमोर, हे म्हणून ठेवा: काहीही झालं तर पाच मिनिटांत मला फोन कर, मध्यरात्री असली तरी, मी ओरडणार नाही. आणि मग खरोखर ओरडू नका. त्याला प्राण्याच्या घरातल्या लपायच्या सगळ्या जागा दाखवा, म्हणजे तो घरात आहे की बाहेर हे दहा मिनिटांत ठरेल. चारही बाजूंनी काढलेले फोटो देऊन ठेवा. पिंजरा कुठे आहे ते दाखवा. आणि चिपच्या नोंदीतला नंबर आज, आत्ता, हे वाचता वाचता तपासा. कुत्रा असेल तर आणखी एक सांगा की तो दिसला तरी मागे धावू नकोस, नाव घेऊन ओरडू नकोस. अंग वळवून खाली बस, नजर टाळ, त्याला येऊ दे. घाबरलेल्या कुत्र्यामागे धावून कितीतरी जणांनी त्याला रहदारीत लोटलं आहे.

आणि ज्याच्या बाबतीत हे घडून गेलंय त्याला काय सांगू? झोपा, एवढंच. पहिले चार दिवस मी झोपले नव्हते आणि त्या चार दिवसांत मी जे जे ठरवलं ते चुकलं. नंतर मी शोधाला वेळ बांधून दिली: रात्री दोन ते चार, संध्याकाळी एक तास पत्रकांसाठी. बाकीच्या वेळात कामं, बहिणीची विचारपूस, अंघोळ. सुरुवातीला हा दगाबाजपणा वाटला. पण वेळ बांधल्यामुळे मी तीन महिने शोधू शकले, नाहीतर तीन आठवड्यांत कोसळले असते. कुणाला मांजर परत मिळालेलं असेल तर त्याने ते आधी डॉक्टरकडे न्यावं. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या यकृतात चरबी साठून ते वरवर ठीक दिसताना आतून खचलेलं असू शकतं. हे मी उदीसाठी वाचून ठेवलं होतं. डॉक्टरांचा नंबर अजून फोनच्या सगळ्यात वर आहे.

तिची चादर मी धुतलेली नाही. पत्रकं पावसात विरघळली तेव्हा नवी छापली, दुसऱ्यांदा विरघळली तेव्हा चारच ठिकाणी लावली. वॉशिंग मशीन भिंतीला टेकवायचं माझ्याच्याने होत नाही. मागे वीतभर जागा तशीच ठेवली आहे. एकदा दाराची बेल वाजल्यावर मी सवयीने त्या फटीकडे बघितलं आणि दार उघडायला जायचंच विसरले.

ती मुलगी अजून येते. ठरवून नाही. महिन्यातून दोन-तीनदा रात्री तिचा मेसेज येतो: "शेजारच्या गल्लीत बघून आले. आज नाही." मी लिहिते, "बरं. घरी पोचलीस की कळव." आमच्यात याहून जास्त बोलणं फारसं होत नाही. दुसऱ्यांचे प्राणी सांभाळणं तिने सोडून दिलं आहे. मी तिला परत सुरू कर म्हटलं, ती नको म्हणाली. मी आग्रह केला नाही.

गेल्या आठवड्यात चिपच्या नोंदणीचा ईमेल आला. माहिती वर्षातून एकदा तपासा, असा. माझा नंबर बरोबर होता, मी तरी आकडा आकडा वाचून बघितला. खाली दुसऱ्या संपर्काची जागा होती, ती इतकी वर्षं रिकामी होती. आधी भावाचा नंबर लिहायला घेतला. पण तो रात्री फोन बंद करून झोपतो. मग मी त्या मुलीचा लिहिला. ती दुसऱ्या रिंगच्या आत उचलते, पहाटे तीनलाही. शेवटच्या चौकटीत विचारलं होतं, तुमच्याशी नातं काय. मी थोडा वेळ बघत राहिले, मग लिहिलं, "उदीला ओळखते," आणि जतन केलं.